दोन स्टारचा फौजदार

माझ्यावर आरोप ठेवला गेला तो पहूरच्या बसस्टँडसमोर, सकाळी साडेसातला, चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत. साल 2010, महिना सप्टेंबर. आरोप ठेवणारे आमच्या गल्लीतले जमादारकाका. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन त्यांना तेव्हा दोन वर्षं झाली होती, पण खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. हातात घडी घातलेला पेपर. तो त्यांनी मुद्देमालासारखा दोन बोटांत धरला होता.

"हे तू लिह्यलं?"

"हो, काका."

"'दबंग'ले दोन स्टार?"

"हो."

"त्याच्यात सलमान खान कोण हाये?"

"चुलबुल पांडे."

"नाव नही इचारलं. हुद्दा."

"इन्स्पेक्टर."

काकांनी बाकावरच्या सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. दोन पंच हजर आहेत ना, याची खात्री केल्यासारखं. "इन्स्पेक्टरच्या खांद्यावर स्टार किती? तीन. दोन कोणाले असतात? फौजदाराले. म्हनजे तू त्याले एक पायरी खाली आनलं. कोनत्या चौकशीवरून? त्याले नोटीस दिली होती का? त्याचं म्हननं ऐकून घेतलं?"

पेपरातले स्टार वेगळे आणि खांद्यावरचे वेगळे, हे मी समजावून पाहिलं. पाचपैकी दोन म्हणजे बेताचा सिनेमा, असं सांगितलं. "पाच?" काका म्हणाले. "पाच स्टार कोनालेच नसतात. माह्या सबंध नोकरीत मी पाचवाला साहेब पाह्यला नही. तुमचा हिशोबच खोटा."

मी त्या दिवसांत जळगावच्या एका दैनिकात शुक्रवारी लागलेल्या सिनेमावर रविवारी तीनशे शब्द लिहीत असे. तीनशे शब्दांत कथा, पटकथा, संगीत, छायाचित्रण आणि दिग्दर्शकाची पकड एवढं सगळं बसवायचं, आणि शेवटी 'एकदा पाहायला हरकत नाही' असं म्हणायचं. पकड बहुधा मध्यंतरानंतर सुटायची. का सुटते ते मला आजही ठाऊक नाही, पण तसं लिहायची पद्धत होती. 'दबंग'बद्दल मी लिहिलं होतं की कथेत तर्क नाही, मारामाऱ्या अतिरंजित आहेत आणि विनोद व थरार यांचा मेळ बसलेला नाही. वाक्य बरं जमलं होतं. पहूरला ते कोणी वाचलंच नाही, सगळ्यांनी फक्त स्टार मोजले.

आमचं गाव तसं मोक्याच्या जागी आहे. एक रस्ता जळगावला, एक अजिंठ्याकडे, एक जामनेरला आणि एक शेंदुर्णीवरून पाचोऱ्याला. लेणी पाहायला निघालेला माणूस इथं चहाला थांबतोच. त्यामुळं मतं चारी बाजूंनी येतात. त्यात पहूर पेठ आणि पहूर कसबे अशा ग्रामपंचायतीही दोन. बाहेरच्याला एकच गाव दिसतं, पण सिनेमावर या गावाचं एकमत होईल अशी आशा धरणारा माणूस पहूरचा नव्हे.

'दबंग' लागला 10 सप्टेंबरला. ईद आणि गणपती त्याच आठवड्यात. म्हणजे पडद्यावरचा पोलीस कमरेचा पट्टा धरून नाचत होता आणि खरे पोलीस चौकाचौकात बंदोबस्ताला उभे होते. एका पोलिसाचा सिनेमा एकाही पोलिसाला पहिल्या दिवशी पाहता येऊ नये, हा योग जमादारकाकांना फार लागला होता. ते स्वतः निवृत्त. म्हणून खात्यातर्फे आपणच पाहून आलं पाहिजे अशी जबाबदारी त्यांनी घेतली, चाळीसेक किलोमीटर एसटीनं गेले आणि सिनेमाचा पंचनामा करून परत आले. पंचनामा हा शब्द आपण पेपरवाले सैलपणे वापरतो. काकांनी खरोखरच केला होता, वहीच्या पाठकोऱ्या पानावर.

तो मी वाचला. माझ्या लेखापेक्षा कितीतरी सरस होता. गाड्या उडतात, माणूस भिंतीतून आरपार जातो, शर्ट आपोआप फाटतो, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. त्यांच्या मते ते सगळं ठीक. "अंगात ताकद असली तर होते." त्यांचे आक्षेप निराळेच होते. हिरोनं एवढी माणसं लोळवली. ठीक. आता प्रत्येक जखमीला दवाखान्यात पाठवायचं तर प्रत्येकाची वेगळी मेडिकल यादी लागते. ती कोणी लिहिली? गोळ्या झाडल्या. झाडलेल्या गोळीची पुंगळी जमा करावी लागते, नाहीतर राउंडचा हिशोब लागत नाही. हिरो पुंगळी न वेचता गाणं म्हणायला गेला. गाणं परदेशात. "रजा कोनती होती? किरकोळ का अर्जित? हेडक्वार्टर सोडायची परवानगी घेतली होती का?" आणि सगळ्यात शेवटी, दोनदा अधोरेखित: 'सबंध पिच्चरमध्ये एकानेही स्टेशन डायरीला नोंद केली नाही.'

"मग वाईटच म्हणायचा की," मी म्हणालो.

"वाईट? दोनदा पाह्यला मी."

यावर काय बोलणार? आम्हा समीक्षकांची सारी उठाठेव चांगला की वाईट, एवढ्याभोवती. काकांना त्यातल्या शंभर चुका सापडल्या म्हणूनच मजा आली होती. पुढं त्यांचीच सरशी झाली. 58व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत निखळ मनोरंजन करणारा सर्वोत्कृष्ट लोकप्रिय चित्रपट म्हणून 'दबंग'ची निवड झाली, आणि काका ते कात्रण घेऊन घरी आले. "वरून आदेश आला. तुह्यी पदावनती रद्द." मी सही करून पोच दिली.

पोलीस आणि विनोद ही जोडी काही सलमाननं जुळवली नाही. अमेरिकेत मूकपटाच्या काळात मॅक सेनेटचे कीस्टोन पोलीस एकमेकांवर आपटत धावायचे. बस्टर कीटननं 1922 मध्ये 'कॉप्स' नावाचा छोटा पट केला, त्यात एका फाटक्या माणसामागं सबंध शहराचे पोलीस लागतात. आपल्याकडं वगात हवालदार नसेल तर बोर्डावर गर्दी टिकायची नाही. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'तल्या हवालदारानंच दादा कोंडके या माणसाला महाराष्ट्रभर नेलं. घसरून पडणारा साधा माणूस पाहून हसू येतं, पण हातात दंडा असलेला माणूस घसरला की जरा जास्तच येतं. मात्र तो आपल्याकडं पाहत नाही ना, ही खात्री करून मग.

दादांचा 'पांडू हवालदार' आला 1975 मध्ये. जमादारकाका नोकरीला लागले 1972 मध्ये. ही तीन वर्षंच काय ती आपल्या नोकरीतली सुखाची, असं काका म्हणतात. त्यानंतर सायकलवरून गस्तीला निघालं की कुठल्यातरी बोळातून बारीक आवाजात 'ए पांडू' यायचं. मागं वळून पाहावं तर बोळात एक शेळी. भुसावळ, चोपडा, पाचोरा, जिथं बदली होईल तिथं ते नाव आधीच जाऊन बसलेलं. एखाद्या सिनेमानं सबंध खात्याचं बारसं करावं, असं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. वकिलाला, डॉक्टरला, मास्तरला असं एका नावात कोणी बांधलं नाही. बिचाऱ्या कॉन्स्टेबलला बांधलं, आणि आता पन्नास वर्षं झाली, सुटका नाही.

माझ्या आईचं या सिनेमाबद्दलचं मत मात्र पोलिसांशी संबंधित नव्हतंच. त्यात उषा चव्हाण केळेवाली आहे. केळीच्या जिल्ह्यात केळेवाली दाखवायची म्हणजे जरा जपून. टीव्हीवर सिनेमा लागला की आई दादांच्या विनोदाला पदर तोंडाला लावून हसायची (काही विनोदांना उठून स्वयंपाकघरात जायची, तिथून हसायची), पण पाटी दिसली की गंभीर. "हा माल बसराईचा नाही. आणि फणी अशी धरतात का? देठ मोडंल ना." पुढं 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला आधी आईच आठवली. तिनं ते पडद्यावरच्या केळीला कितीतरी वर्षं आधीच नाकारलं होतं.

त्याच सिनेमात अशोक सराफ सखाराम हवालदार झाले होते. मग 2011 मध्ये 'सिंघम' आला. तमिळ 'सिंगम'वरून बेतलेला, पण नाव बाजीराव, गाव शिवगड, आणि ठाण्यात पुन्हा अशोक सराफ. मी लिहिलं, 'कथा दक्षिणेतून आयात, मसाला मात्र इथलाच.' काकांनी ते वाचायची तसदी घेतली नाही. त्यांचं लक्ष अशोक सराफांच्या बाहीवर. तीन फिती. हेड कॉन्स्टेबल.

"पंच्याहत्तर साली हवालदार होता ना हा?"

"हो."

"आन आता अकरा साली?"

"हवालदारच."

काका थोडा वेळ गप्प बसले. चहा निवला. "छत्तीस वर्षं," ते म्हणाले. "एक प्रमोशन नही. बाकी पिच्चर सगळा खोटा हाये रे भो, पन हे त्याहीनं खरं दाखवलं." मधल्या काळात अशोकमामांनी पडद्यावर काय काय हुद्दे भूषवले ते सांगून त्यांचं समाधान मोडावं असं मला वाटलं नाही. काकाही फौजदार न होताच निवृत्त झालेले.

आता माझं स्वतःचं. लहानपणी पोलिसाचा विनोदी मारधाडपट म्हणजे माझ्यासाठी एकच: महेश कोठारेंचा 'दे दणादण', 1987 चा. आमच्या गल्लीत तो पोचला पुढच्या की त्याच्या पुढच्या गणपतीत, भाड्याच्या व्हीसीआरवर. मंडळ रात्री दोन सिनेमे दाखवायचं. टीव्ही टेबलावर, टेबल बैलगाडीवर, बैलगाडीच्या चाकाला दगड. पुढं आम्ही पोरं पोत्यांवर, मागं बाया, त्यांच्या मागं उभे बाप्ये. चित्रात मुंग्या यायला लागल्या की व्हीसीआरवाला झाकण उघडून हेडवर कोरी नोट फिरवायचा. ती नोट मंडळाच्या वर्गणीतली, पण सिनेमा संपेपर्यंत त्याच्या खिशात गेलेली असायची. या प्रकरणाचा तपास आजतागायत लागलेला नाही.

त्यात लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, साधा पोलीस. मारुतीच्या कृपेनं अंगात अचाट ताकद येते, पण लाल रंग दिसला की ती उतरते. आम्हा पोरांना कथेचा हा कायदा असा काही पटला की आठवडाभर दुसरा विषय नाही. समीक्षक याला काय म्हणाले असतील कोण जाणे; आमच्यात गंभीर चर्चा झाली ती एकाच मुद्द्यावर. लक्ष्याची बदली पहूरला झाली तर? स्टँडवर दर थोड्या वेळानं लाल डबा येणार. जळगावची गाडी आली, ताकद गेली. ती निघाली, ताकद आली. तेवढ्यात औरंगाबादची. बिचारा मधल्या मोकळ्या वेळात कितीसे चोर धरील? शेवटी ठरलं की लक्ष्यानं डोळ्यांवर काळा चष्मा लावावा. हा उपाय पटकथाकाराला का सुचला नाही, असं आम्हाला वाटलं. तिशी उलटल्यावर मी पेपरात 'पटकथेत तर्काचा अभाव' असं जे काही लिहीत होतो, त्याचं मूळ या बैलगाडीखाली आहे. फक्त तेव्हा आम्ही उपायसुद्धा सुचवत होतो.

पोलिसाच्या सिनेमावर लोक नक्की काय पाहून मत देतात, हे मला कळलं ते विहिरीवरची केबल चोरीला गेली तेव्हा. शेत आमचं नव्हे, मेव्हण्याचं, दुसऱ्या जिल्ह्यात. मी तिथं दोन दिवसांकरता गेलो होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, मेव्हण्याला अजून तिथंच शेती करायची आहे. आम्ही सकाळी अकराला गेलो. साहेब बंदोबस्ताला. दुपारी गेलो. लिहिणारा अंमलदार कोर्टात. संध्याकाळी एक सज्जन भेटले, त्यांनी पाणी दिलं, बसवलं, आणि अतिशय आपुलकीनं विचारलं, "चोरीच गेली कशावरून? गहाळ झाली असेल." दीडशे फूट केबल, विहिरीत सोडलेली, मोटारीला जोडलेली, ती खिशातल्या रुमालासारखी गहाळ कशी होईल, यावर मेव्हण्याला तासभर विचार करावा लागला. शेवटी अर्ज घेतला. चोरीचा नव्हे, गहाळचाही नव्हे. नुसता अर्ज.

त्याच रात्री मेव्हण्याच्या घरी टीव्हीवर असाच एक पोलिसी धमालपट चालू होता. हिरोनं एका हातानं जीप थांबवली. घरातलं कोणी हललं नाही. जीपमधून उडी मारून तो ट्रकवरून पलीकडं गेला. मेव्हणा शेंगा सोलत होता, सोलत राहिला. मग एक म्हातारी ठाण्यात आली, रडली, आणि हिरो म्हणाला, घ्या रे हिची तक्रार लिहून. आणि शेजारच्यानं लगेच लिहायला घेतली.

मेव्हण्याच्या हातातली शेंग खाली पडली. "ह्या!" तो म्हणाला. "काहीबी दाखवतात!"

तेव्हापासून समीक्षेत 'अतिरंजित' हा शब्द मी जपून वापरतो.

आमच्याहून शहाणे मालेगावचे लोक. त्यांनी सिनेमावर मत देण्यात वेळ घालवला नाही, सरळ आपला वेगळा करून टाकला. नासिर शेख आणि यंत्रमागावरच्या त्यांच्या मित्रांनी 'मालेगाव के शोले' काढला, मग 'मालेगाव का सुपरमॅन'. त्यांच्यावर आधी माहितीपट झाला आणि 2025 मध्ये 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा हिंदी सिनेमाही येऊन गेला. त्यांच्या शोलेत डाकूंना घोडे परवडेनात म्हणून सायकली दिल्या. रेल्वेऐवजी बस घेतली. मला ते ऐकून हळहळ वाटली. आमच्याकडं विचारायचं की! पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे, आमची पीजे, पहूरवरूनच जायची. सायकलवरच्या डाकूनं ती सहज गाठली असती, वर वाटेत उतरून भरीत-भाकरी खाऊन पुन्हा गाठली असती. 2020 च्या टाळेबंदीत ती थांबली. आता मोठ्या लाइनीचं काम चाललंय, म्हणजे डाकूंची ती संधीही गेली.

'पांडू' आला डिसेंबर 2021 मध्ये. विजू मानेंचा. भाऊ कदम आणि कुशल बद्रिके वर्दीत, दादांना सलाम म्हणून काढलेला. मला पहिल्या दिवशी पाहायचा होता, पण एसटीचा संप ऐन भरात. स्टँडवर शुकशुकाट, फलाटावर कुत्री. चहावाला म्हणाला, "भाऊ, लक्ष्यानं आता यायला पाह्यजे होतं. एक लाल गाडी नाही." लक्ष्मीकांत बेर्डे जाऊन तेव्हा सतरा वर्षं होत आली होती. पण पहूरच्या स्टँडवर त्याची ड्युटी अजून लागलेलीच आहे.

तो सिनेमा आम्ही पुढं काकांच्या घरी पाहिला, त्यांच्या नातवाच्या मोबाइलवर, मोबाइल तांब्याला टेकवून. नातू दोन्ही अंगठ्यांनी एकीकडं आपलं मतही कुठंकुठं पाठवत होता. आता प्रत्येकाच्या खिशात स्टार आहेत, माझ्या तीनशे शब्दांची नोकरी त्यातच गेली. काकांना भाऊ कदम पसंत पडला. "पोट बरोबर हाये," ते म्हणाले. "त्या सलमानचं पोट पोलिसाचं नही." मी विचारलं, स्टार किती? काका म्हणाले, त्याच्या बाहीवर असतील तितके. ही पद्धत मला माझ्यापेक्षा जास्त न्याय्य वाटते.

परवा पुन्हा स्टँडसमोर बसलो होतो. काका आता पंचाहत्तरीचे. चहावाल्याचा मुलगा कुठल्याशा नव्या पोलिसी सिनेमाची जाहिरात मोबाइलवर दाखवत होता, त्यात एकाच उडीत सहा जण आडवे. तेवढ्यात बंदोबस्तासाठी बाहेरगावाहून आलेला एक पोरगेला कॉन्स्टेबल कट चहा घ्यायला आला. डोळे तांबारलेले, बुटांवर धूळ. बाक एकदम शांत. त्यानं वाकून मोबाइलमध्ये पाहिलं. सहा जण पडल्याचं त्याला काही वाटलं नाही. मग हिरोच्या लग्नाचं गाणं लागलं.

"किती दिवस सुट्टी मिळाली याला?" त्यानं विचारलं.

कोणाला सांगता येईना. काकांनी माझ्याकडं बोट केलं. "याले इचार. हा पेपरात लिहायचा. यानं एका इन्स्पेक्टरले दोन स्टारवर आनलं होतं."

पोरानं आपल्या मोकळ्या खांद्यावरून हात फिरवला, धूळ झटकली. "सर," तो मला म्हणाला, "तुमच्याकडं असतील तर एखादा इकडं द्या."

"लेखी अर्ज कर," जमादारकाका म्हणाले. "वरिष्ठांमार्फत."